तांबड्या धाग्यापर्यंत वाचावे

मी, सायमी लेहतोवारा, निवृत्त संशोधक, राहणार तुर्कू, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते, की माझ्या दुखण्यावर आता औषध उरलेले नाही. नवऱ्याच्या, म्हणजे यालमारीच्या आधी मी जाणार. याबद्दल मला फार अपराधी वाटते.

१. राहते घर व सारी शिल्लक यालमारीची.

२. आमच्या भाषेत शब्दाला शब्द जोडून मालगाडीसारखे लांब शब्द होतात. आखूड शब्द डोळा एका नजरेत उचलतो. लांब शब्दाचे आधी डोके, मग शेपूट. हे कॅमेऱ्याने मोजण्यात माझी सगळी नोकरी सरली. मागे मेंदूचा झटका आल्यापासून यालमारीला उजवीकडचे दिसत नाही. तो डोके वाचतो आणि शेपूट मनाने लावतो. डॉक्टरांनी सांगितले, तर "त्यांना काय कळतंय!" म्हणून उठून आला. रोज कॉफी घेताना मोठ्याने पेपर वाचतो.

"सायमी, ऐक! नगरवाद्यवृंदानं बर्फ उपसायचं यंत्र घेतलंय म्हणे. आता त्याच्यावर वाजवणार काय, कपाळ?"

घेतले होते नगरपरिषदेने. मी म्हणाले, "वाजवतील की. तू वाच पुढे."

पानाच्या उजव्या कडेला तांबडा धागा ठेवून तो दिसेपर्यंत नजर न्यायची, हा सराव मला ठाऊक होता. मी करून घेतला नाही. भांडण नको होते, आणि खरे सांगायचे तर त्याच्या बातम्या छापलेल्यांपेक्षा बऱ्या असतात. परक्यांचे डोळे तपासले, घरच्यावर पांघरूण घातले. यालमारी, मला माफ कर.

३. टोपलीतला तांबड्या लोकरीचा गुंडा यालमारीला. आळस करू नये.

४. बेटावरची होडी धाकटा दीर आहती यास. "दादा, चष्मा उलटा घातलास काय?" असे तो भावाला चिडवतो, म्हणून अट: दर शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवून भावाचे वाचन ऐकावे. हसू आल्यास समुद्रात उडी घ्यावी.

५. हे मृत्युपत्र यालमारीनेच मोठ्याने वाचावे. धागा न लावता वाचल्यास, लिहिलेल्यात व वाचलेल्यात फरक पडेल तेथे त्याचे वाचन हीच माझी इच्छा समजावी. मग होडी कुणाच्या नावे वाचली जाते, याची काळजी आहतीने करावी.

फक्त "मला माफ कर" याला हे कलम लागू नाही. ते शब्द आखूड आहेत. एका नजरेत दिसतात.

सही: सायमी लेहतोवारा
तुर्कू, १४ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर, मजकूर न वाचता:
केर्त्तू आल्होनेन, शेजारीण
तायस्तो विर्क्कुनेन, निवृत्त पोस्टमन