इबुकुनच्या नावावर माझं रक्त

३ जानेवारी
मोयोची बोटं सुजलीत. दहा महिन्यांचं लेकरू, हात लावू देत नाही. भावजय सिमी म्हणते, "दात येत असतील, वन्सं." मी मान हलवली. दातांनी बोटं सुजतात?

९ जानेवारी
रिपोर्ट आला. एसएस — सिकल सेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईबाप दोघांकडून दोष आल्याशिवाय हे होत नाही. सिमी एएस, म्हणजे तिच्यात तो आहे. तिने कधी लपवलं नाही. माझ्या भावाच्या, इबुकुनच्या, लग्नाआधीच्या रक्ततपासणीच्या कागदावर एए. निर्दोष. त्याने तो कागद बाईंपुढे धरला. "मग माझ्याकडून आलं कसं?"
मग सिमीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

१० जानेवारी
सिमीला लेकरासकट इसेयिनला माहेरी धाडलं. आई गेल्यावर इबुकुनला मीच वाढवला. आज म्हणाला, "ताई, आता तूच काय ती माझी."
मी ताट झाकून ठेवलं.

१३ जानेवारी
इथे तरी लिहिते. तीन वर्षांपूर्वी. चर्चची अट — रक्ताचा कागद नाही तर लग्न नाही. इबुकुन तेलाच्या बोटीवर कामाला, रजा नाही. भाऊबंदांनी लग्नासाठी एका रंगाचे कपडेसुद्धा शिवून घेतलेले. मी म्हटलं, एका आईबापाची आम्ही, रक्त वेगळं कुठून असणार? रांगेत उभी राहिले, त्याचं नाव सांगितलं, हात पुढे केला. इबुकुन नाव मुलाचंही असतं, मुलीचंही. सुई टोचणारीने मान वर केली नाही.
त्याला सांगितलं, तुझा शाळेतला जुना रिपोर्ट सापडला, तोच दिला.
ते एए माझं आहे.

१४ जानेवारी
नाही सांगितलं.

१६ जानेवारी
चर्चमधल्या बायका येऊन गेल्या. "वेळीच कळलं म्हणायचं. दिसायला किती गरीब हो पोरगी!" मी त्यांना भजी वाढली. त्या गेल्यावर घरात कुणीच नव्हतं. एरवीही नसतं, पण आज जाणवलं.

१९ जानेवारी
इसेयिनहून फोन. मोयोला रक्त चढवताहेत.
इबुकुनला बसवून सगळं सांगितलं. तो हसला. "ताई, तिला वाचवायला माझ्याशी खोटं बोलू नकोस."
"मग चल. आत्ता चल, स्वतःचा हात पुढे कर."
आला. तपासणीच्या रांगेत बाही वर करून उभा राहिला.

२१ जानेवारी
एएस.
कागद घडी करून खिशात ठेवला आणि इसेयिनच्या गाडीत बसला. शेजारची जागा रिकामी होती. मला ये म्हणाला नाही.

२३ जानेवारी
मागाहून मीच गेले. मोयो झोपली होती. सिमीपुढे गुडघे टेकले, तर तिने हाताला धरून उठवलं.
"मला ठाऊक होतं, वन्सं. त्या दिवशी माझ्या कागदासाठी मीही त्याच रांगेत होते. तुमच्या मागे, तुम्ही त्याचं नाव सांगितलंत तेव्हा. लग्न मलाही हवं होतं."