सँडरला खोबरेल

पोशीर,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,
गोदाचा नमस्कार. इकडे आत्या आणि मी, दोघी ठीक. भाताच्या लोंब्या भरल्यात.

"पाव्हण्याला पाणी इचारतो ना, तसं हत्याराला आदी तेल इचारायचं." हवेवर हत्यारं चालवणारा कॉम्प्रेसर घरी आला त्या दिवशी तुम्ही मला हे सांगितलं होतं. मी बारावीत होते, मला हसू आलं होतं. आता पडवीत कामाला उभी राहिले की तेच पुटपुटते. हत्याराच्या हवेच्या तोंडात दोन थेंब, मग नळी जोडायची, मग थोडं रिकामंच फिरवायचं.

यंदाच्या खंडेनवमीची गंमत ऐका. हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू, झेंडू सगळं केलं आणि मी पॉलिश आणायला कर्जतला गेले. माझ्या मागे गौराआत्याला हत्यारांची दया आली. वर्षभर राबतात आणि मिळतात दोन थेंब! तिनं खोबरेल कोमट केलं आणि लाकूड घासायच्या सँडरला अगदी तोंडापर्यंत पाजलं.

मला काय माहीत? परवा पडवीत खालापूरच्या वकीलबाईंच्या दरवाजाला सँडर लावला, तर कारंजंच उडालं. दार, माझा चष्मा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं तेलात. आत्या दारातून म्हणते, "अगो बाय, दाराला न्हाऊ घातलंस की!"

"आत्या, काय ओतलंस यात?"

"सणाला तरी पोटभर नको?"

त्यात वकीलबाई दार बघायलाच आल्या. "वास कसला येतोय हो?" आत्यानं लगेच ठोकून दिलं, "मालीश चाललीय. आता पावसात फुगायचं नाय तुमचं दार." बाई इतक्या हसल्या की दिवाळीपर्यंतची मुदत देऊन गेल्या.

सँडर उघडला, रॉकेलनं धुतला, वाळवला, त्याचं नेहमीचं पातळ तेल घातलं. चालतो. पण मधेच दम लागल्यासारखा ओढतो. तुम्ही नुसता कान लावून सांगितलं असतं कुठे अडलंय. मला अजून तसं ऐकू येत नाही.

खालापूरचा दुकानदार म्हणतो, नळीत छोटी डबी बसवा, ती आपोआप तेल सोडते. "मग अण्णांची गरजच नाय!" तो चेष्टेत म्हणाला, मीही हसले. वस्तू चांगली आहे, सगळे वापरतात. तरी मी डबी घेतली नाही.

आता जे फोनवर बोलायचं राहून जातं ते. पडवीचं नाव काढलं की तुम्ही "आवाज येत नाय गं" म्हणून फोन ठेवता. आपला अक्षय म्हणतो, त्याच्याकडे शेलूत रेंज उत्तम आहे. म्हणून हे पत्र.

जूनमध्ये खिळ्यांच्या गनला तेल घालताना तुमचा हात थरथरला. थेंब टेबलावर पडले, रंधा मारलेल्या फळीवर पडले. तुम्ही बाहीनं पुसलंत आणि माझ्याकडे बघितलंत. मी मोजायच्या टेपवर मान घालून बसले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात तुम्ही "चार दिस अक्षयकडं राहून येतो" म्हणालात, आणि पिशवीत थंडीचा स्वेटरही घातलात.

अण्णा, मी पाहिलं होतं. तुम्हालाही ते कळलं होतं. आणि त्यानंतर आपण दोघंही हवापाण्याचंच बोलतोय.

तेलाची बुधली तुमच्या खिळ्यावरच आहे. येत्या रविवारी या. हात जसा आहे तसा घेऊन या. दोनाचे दहा पडू देत, मी फडकं घेऊन शेजारी उभी राहीन. आत्यानं पाजलेलं पचवून सँडर जिवंत आहे, तुमच्या थेंबांनी त्याला काय होणार?

यायचं नाही म्हणाल, ठाऊक आहे मला. पण तेवढं इथे पडवीत येऊन म्हणा. फोनवर आवाज येत नाही.

तुमच्या हाताखालची,
गोदा