सुभेदाराला दही-साखर

शिवाजी पेठ, शुक्रवार सकाळ

तीर्थस्वरूप आकाराममामांच्या पायांवर भाची निशिगंधाचं डोकं. गुडघा कसा आहे? मामींची साखर? (त्या सांगतात त्याहून जास्तच असणार.) पत्र एवढ्यासाठी, की कुत्र्याच्या कुळाचा विषय निघाला की तुम्ही फोन ठेवता.

तुम्ही दिलेल्या सुभेदाराला खरूज झाली. नेहमीचं इंजेक्शन द्या, अस्सल मुधोळ कुत्र्याला काय धाड भरलीय, असं तुम्ही म्हणालात. पण आमच्या डॉक्टर अवंतिकाबाई त्याच्या मानेवरचे, मुधोळाला नसतात असे झुपकेदार केस बघत बसल्या आणि म्हणाल्या, आधी जनुकं तपासू. (मला रागच आला. सोयरीक जुळवतानासुद्धा कुणी इतकं खोदत नाही.) गालाच्या आतून बोळा फिरवायचा, तोंड मात्र रिकामं हवं. हे सासूबाईंना सांगायचं राहिलं. तपासणीला निघालाय म्हटल्यावर त्यांनी त्याच्या तोंडात दही-साखर घातली! नातवंडं दहावीला निघाली तेव्हा घातली होती, मग यानंच काय घोडं मारलंय? प्रयोगशाळेनं कळवलं, नमुन्यात म्हशीचा अंश फार, पुन्हा पाठवा. सासूबाई म्हणाल्या, दही घरचं होतं, म्हैस निघणारच.

दुसरा निकाल नीट आला. सुभेदारात विलायती मेंढपाळ कुत्र्यांकडून आलेलं एक बिघडलेलं जनुक आहे. औषधाला मेंदूत शिरू न देणारा राखणदारच याच्याकडे नाही. ते इंजेक्शन दिलं असतं तर आज हा नसता. त्याला सोसेल असं दुसरं औषध चालू केलंय, अंगावर लव येतेय. मामा, त्याच्याशेजारी बसून मी रडले. एकाला उतारा तेच दुसऱ्याला विष, आणि आपण सगळ्यांना एकाच सुईनं टोचत आलो. कधीकधी माणसांनाही, असं वाटून गेलं.

आता त्याच्या पाठच्या पिल्लाचं. तुम्ही ते तुमच्या थोरल्या लेकीच्या सासरी हार घालून अस्सल म्हणून दिलंत. त्याच्यातही हा बिघाड असू शकतो, आणि त्यालाही खरूज आहे. मी तुमच्या विहीणबाईंना, झुंबरबाईंना, फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पावण्यांनी दिलंय, अस्सल हाय. अस्सलाला काय हुतंय?" माझं कोण ऐकणार?

तुमची,
निशिगंधा

ता. क. कुळाची काळजी सोडा. तुमच्या समोरच्या बंगल्यातल्या केसाळ विलायती कुत्र्याचं मामींना पहिल्यापासून ठाऊक होतं. गल्लीलाही.

ता. क. पिल्लाला इंजेक्शन आज दुपारी आहे. पत्र घेऊन आलेला कृष्णात गाडी चालूच ठेवून दारात उभा असेल. त्याला चहा विचारू नका. टोपी घाला, मागं बसा, आणि विहीणबाईंना तुमच्या तोंडानं सांगा, अस्सल न्हाय.