रत्नाबाईंचा नकाराधिकार

एडिसन, न्यू जर्सी
१४ डिसेंबर १९९६

ती. सौ. आईस,
शमिकाचा शि. सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं. तुझ्या जावयाने, ध्रुवने, डबा त्याच्या कपाटात लपवलाय आणि मला चमचा मोजून देतो.

लायब्ररीतल्या माझ्या मंगळवारच्या वर्गाबद्दल फोनवर सांगितलं होतं ना? इथे राहायला आलेल्या परदेशी माणसांना नागरिकत्व हवं असेल तर सरकारी अधिकाऱ्यासमोर तोंडी परीक्षा द्यावी लागते. राज्यघटना, संसद, राष्ट्राध्यक्ष असे शंभर प्रश्न छापून मिळतात. त्यातले थोडे विचारतात, तेही इंग्रजीत. माझ्या वर्गात अकराजण आहेत. एक म्हातारं व्हिएतनामी जोडपं, एक पोलिश मेकॅनिक, आणि आपल्या निपाणीकडच्या रत्नाबाई. वय एकसष्ट. मुलगा-सून इथे, आणि त्या स्वतः बेकरीत पाव भरतात.

या रत्नाबाई गेल्या आठवड्यात नापास झाल्या. शंभरच्या शंभर उत्तरं पाठ होती गं, पण ओळीने. अधिकाऱ्याने एकदम सत्तेचाळिसावा प्रश्न विचारला आणि त्यांना पहिल्यापासून मोजत यावं लागलं. तोवर तो पुढे गेला. मुलगा म्हणाला, राहू दे आता, तुला काय करायचंय नागरिक होऊन? त्यावर त्या मला म्हणाल्या, पोरी, गावाकडं दर निवडणुकीला शाळेपत्तुर जायचे आणि दीर म्हणायचे, वैनी, तुमचं मत टाकून झालंय. आजवर एकदा माझ्या हातनं शिक्का पडला नाही.

मार्चमध्ये त्यांना दुसरी संधी आहे, आणि ती शेवटची. पुन्हा चुकलं तर सगळा अर्ज नव्याने करायचा. तू तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंस. सांग, मी काय करू? पाठ करून घेण्यापलीकडे मला काही येत नाही.

बाबांना नमस्कार. मेतकूट संपेपर्यंत तरी माया असू दे!

तुझी,
शमिका

---

जे. पी. नगर, बेंगळूर
२ जानेवारी १९९७

चि. सौ. शमिकास,
अ. उ. आशीर्वाद.

आठवीत तुला नागरिकशास्त्रात चौतीस मार्क होते. तू शिकवतेस हे ऐकून मी मटकन खुर्चीत बसले. तरी आनंद झाला.

तुझं चुकतंय ते एवढंच, की तू उत्तरं शिकवतेस. माझ्या वर्गातली कानडी, तमिळ, उर्दू पोरं लोकसभा-राज्यसभा पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरायची. मग मी वर्गाचीच दोन सभागृहं केली. त्यांनी काय ठराव केला ठाऊक आहे? शुक्रवारी शुद्धलेखन बंद! मला तो पाळावा लागला, कारण रीतसर बहुमत होतं. पण त्या वर्षी बहुमत म्हणजे काय हे एकही पोर विसरलं नाही.

तुझ्या अकराजणांना राज्य करू दे. खोटं नको, खरंखुरं, त्यांच्या रोजच्या गोष्टीवरून. आणि तू मध्ये पडू नकोस, ती तुझी लहानपणची खोड आहे.

रत्नाबाईंना माझा नमस्कार सांग. मी निवडणुकीच्या ड्यूटीवर बसायची तेव्हा अशा कितीतरी बायका यादीत बोट फिरवून परत जाताना पाहिल्यात. ते डोळ्यांपुढून जात नाही.

इकडे सगळं बरं. बाबा खाली दोन ओळी लिहितायत. स्वल्प थांबा म्हटलं तरी ऐकत नाहीत. थंडीत कानटोपी घालत जा, म्हणजे आशीर्वाद पोचले असं समजेन.

तुझी,
आई

(चि. शमी, इथली थंडी यंदा छान आहे. तुझी आई स्वतःला सभापती समजते, सांभाळून सल्ला घे. — बाबा)

---

एडिसन
१८ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी युक्ती चालली, जरा जास्तच चालली. रत्नाबाई राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. बाकीच्यांची दोन सभागृहं केली. पहिलंच विधेयक आलं ते मधली सुट्टी दहाऐवजी वीस मिनिटं करण्याचं. दोन्हीकडे मंजूर. रत्नाबाईंनी नकाराधिकार वापरला! सुट्टी वाढली की वर्ग उशिरा सुटतो आणि त्यांची शेवटची बस चुकते. मेकॅनिक हट्टाला पेटला. दोन-तृतीयांश मतं जमवायला त्याने व्हिएतनामी आजींना गाठलं. आजी म्हणाल्या, रत्नाला तू गाडीने घरी सोडणार असशील तरच मत देईन. त्याने कबूल केलं, आणि राष्ट्राध्यक्षांचा नकार रद्द झाला. रत्नाबाई आठवडाभर धुमसत होत्या. मग स्वतःच सांगत सुटल्या, माझं चाललं नाही, पण मला इचारल्याबिगर बी कुणाचं चाललं नाही.

आता एक अवघड गोष्ट. गेल्या मंगळवारी त्यांनी भर वर्गात विचारलं, मास्तरीणबाई, तुमची नागरिकत्वाची शपथ कोणत्या साली झाली? मी म्हटलं, झालेली नाही. मग मेकॅनिक हसला, म्हणाला, म्हणजे आम्हाला पोहायला शिकवणारी बाई काठावरच उभी आहे.

आई, मला दोन वर्षांपूर्वीच अर्ज करता आला असता. फॉर्म टेबलाच्या खणात आहे. इथे मुलं होतील, घर होईल, आणि इथल्या कारभारात मला बोलायचंय. पण इथली शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. बाबांना परदेशी नोकरी चालून आली होती आणि त्यांनी ती देशासाठी नाकारली, हे ऐकत मी मोठी झाले. त्यांना हे कसं सांगू? तू विचारशील का त्यांना?

घाबरत लिहितेय, तरी लोभात कमी नको गं.

शमिका

---

जे. पी. नगर
९ मार्च १९९७

चि. सौ. शमिकास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. बाबा म्हणाले, वाच पुढे. वाचलं. त्यांनी पत्राची घडी घातली, चष्मा पुसला आणि बागेला पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

त्यांच्या वतीने मी उत्तर देणार नाही, आणि तुझ्या वतीने विचारणारही नाही. माझं मत मात्र विचारशील तर, जिथे राहतेस तिथे बोलण्याचा हक्क असावा. पासपोर्ट परत केलास म्हणून तुला इथे कुणी परकी म्हणणार नाही, निदान या स्वयंपाकघरात तरी.

खाली जागा ठेवली होती. त्यांनी काही लिहिलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

रत्नाबाईंचं लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
आई

---

एडिसन
२७ मे १९९७

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रत्नाबाई पास! आईला फोनवर तेवढंच सांगता आलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, विधेयकाला नकार कोण देऊ शकतं? त्या म्हणाल्या, प्रेसिडेंट. आणि तेवढ्यावर थांबतील तर ना. मोडक्या इंग्रजीत सुट्टी, बस, मेकॅनिकची गाडी सगळं सांगून टाकलं. तो म्हणे पेन खाली ठेवून हसत होता.

शुक्रवारी शपथविधी झाला. आमचा अख्खा वर्ग गेला होता. दाराबाहेर मतदार नोंदणीचं टेबल होतं. मुलगा कौतुकाने त्यांचा फॉर्म भरायला बसला, तर त्यांनी त्याच्या हातून पेन काढून घेतलं. एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

बाबा, मी घरी आले आणि खणातला फॉर्म भरला. अजून टाकलेला नाही. तुमच्या परवानगीसाठी थांबलेय असं नाही, ते खोटं होईल. तुम्हाला आधी कळावं, एवढंच. रागावलात तरी रागावल्याचं लिहा. तुमच्या दोन ओळींवाचून पत्र अर्धं वाटतं.

शमी

---

जे. पी. नगर
१५ जून १९९७

चि. शमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझं आहे. तुझी आई खालच्या दोन ओळींची वाट पाहत शेजारी बसली आहे, तिला बसू दे.

मी रागावलो होतो. तुझ्यावर की कशावर ते कळत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. गुरुवारी बसने हेब्बाळला अप्पासाहेबांकडे गेलो. फॅक्टरीत आम्ही तीस वर्षं एका खोलीत बसलो, त्यांच्यापासून काही लपत नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, वासुदेवराव, तुम्ही सांगलीच्या यादीतून नाव काढलंत ते साल कोणतं?

तुला हे कधी सांगितलं नाही. मी १९५८ साली इथे नोकरीला आलो. सीमेचा वाद तापलेला होता. मी कानडी शिकलो आणि पुढच्या निवडणुकीआधी माझं नाव इथल्या मतदारयादीत घातलं. माझे वडील सांगलीत त्या वादाच्या सभांना जात. त्यांनी मला वर्षभर पत्र लिहिलं नाही. मी दर महिन्याला लिहीत होतो. पोस्टमनची सायकल वाजली की फाटकापर्यंत जायचो. आणि तोच मी तीन महिने तुला लिहिलं नाही.

सांगली-बेंगळूर आणि बेंगळूर-अमेरिका हे एकच नव्हे, एवढं मलाही कळतं. पासपोर्ट परत करशील त्या दिवशी मला लागेल. ते लागू दे. तो माझा भाग आहे, तू त्यासाठी थांबू नकोस.

तू पाठवलेले शंभर प्रश्न तुझ्या आईने मला विचारले. माझे एकाहत्तर बरोबर आले. ती म्हणते अभ्यास नाही. मी म्हणतो प्रश्नच संदिग्ध आहेत. सोमवारी फेरपरीक्षा आहे.

फॉर्म टाक. तारीख आली की आधी मला कळव, आईला नंतर. चालेल ना? सरी?

तुझे,
बाबा

(मला नंतर का, ते यांना विचारतेच. — आई)