केबिनची मागची भिंत

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद सध्या निम्मेच पाठवते आहे, उरलेले गाडी परत आल्यावर. इकडे आम्ही तिघं बरे आहोत.

ब्रेक बघतो म्हणून तू बाबांची पिकअप घेऊन गेलास, त्याला आज पाच आठवडे झाले. ब्रेकला पाच आठवडे? अरे, बाबा त्या गाडीखाली स्वतः आडवे होऊन सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत ब्रेक बसवायचे. जन्मभर गाद्या शिवल्या त्यांनी आणि याच गाडीतून घरोघरी पोचवल्या. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांची नजर फार तर वर्षभर टिकेल. निदान तोवर गाडी दारात असावी एवढंच माझं म्हणणं आहे. तू ती मोडीत काढणार असलास तर आधी मला तोंडावर सांग.

बाबांचंही काहीतरी चाललंय. इतक्या वर्षांनी जाडी सुई बाहेर काढली आहे. मी खोलीत गेले की मांडीवर चादर ओढून घेतात. विचारलं तर म्हणाले, बोटं आखडू नयेत म्हणून. आईकडे पाहिलं तर तिला नेमका तेव्हाच तांदळात खडा सापडला. मला काय कळत नाही होय!

लोभ आहेच, तो टिकवायचा की नाही ते तू बघ.
तुझी ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पाकीट फोडायच्या आधीच हाताला चटका बसला. गाडी माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे. ब्रेक उघडले तर पत्रा सडलेला निघाला, पत्रा खरवडला तर आणखी काही निघालं. जुन्या गाडीचं असंच असतं, एकातून एक निघत राहतं. जगाच्या गाड्यांचे पत्रे ठोकतो मी, बापाच्या गाडीचं वाटोळं करीन का?

एक काम कर. खुर्चीत ताठ बस आणि पाठीपासून गुडघ्याच्या आतल्या वळणापर्यंत टेप लावून किती इंच भरतात ते कळव. बाबांचं नको, आईचं नको, तुझं. कारण विचारू नकोस, आणि माप कळवल्याचं कोणाला बोलू नकोस.

राग कमी झाल्यावर उत्तर दे, पण लवकर दे.
तुझा धाकटा

ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद या खेपेला अजिबात नाहीत.

तुझ्या वर्कशॉपात काचा बसवणारा तो बोलका काचवाला काल आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याकडे आला होता. मी सहज गाडीची चौकशी केली आणि त्यानं सगळं भडाभडा सांगून टाकलं. म्हणाला, मागचा मालाचा हौदा उतरवून बाजूला ठेवलाय, केबिन दारांच्या मागे कटरनं कापली आहे आणि तिची मागची भिंत काचेसकट कुंपणाला टेकवून ठेवली आहे. शेजारी आणखी एका गाडीची केबिन पडली आहे, तीही कापलेली. एवढं बोलल्यावर त्यानं जीभ चावली आणि परतीची बस गाठायला पळाला. आता सांग, सुखरूप म्हणतात ते हेच का? पार्ट सुटे करून विकायचा धंदा कधी सुरू केलास?

ती मागची काच माझी आहे, कळलं? पुढे तिघंच मावायचे. बाबा, आई आणि मधे तू. मी हौद्यात, गाद्यांच्या ढिगावर, काचेला पाठ लावून. थांबायचं असलं की त्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करायची. शाळा संपेपर्यंत केली. मागे मला मजाच यायची, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ती काच भंगारात टाकायचा हक्क तुला कोणी दिला?

माप तेरा इंच. घे. माझ्या मापाचा आणि ब्रेकचा संबंध काय, ते आल्यावर समोरासमोर विचारीन. रविवारी सकाळच्या बसनं निघते आहे. तोपर्यंत एक खिळा जरी हलवलास तरी माझ्याशी गाठ आहे.

ताई

(शनिवार. पिशवीत, साडीच्या घडीत ठेवलेलं पत्र.)

चि. थोरलीस, अ. आ.

एकाच घरातून पत्र लिहितो म्हणून हसू नकोस. तोंडानं सांगायला गेलो तर तू अर्ध्यावर तोडतेस. अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं.

त्याला ओरडू नकोस. गाडी कापायला मी सांगितलं. दुसऱ्या केबिनचा मागचा भाग जोडून आपली केबिन लांब करायची, तेवढाच हौदा आखूड करायचा आणि वाढलेल्या जागेत मागे एक सीट टाकायची, असं आमचं ठरलं. सीटची गादी मी शिवतो आहे. चादरीखाली तीच होती.

गाडी चालवताना मला आरशात तुझी पाठ दिसायची. एका थंडीत तुला खाली उतरवलं तर तुझी बोटं वळत नव्हती, आणि तू म्हणालीस मागे मजा येते. मला ते खरं मानणं सोयीचं होतं, म्हणून मानलं. त्याची मला लाज वाटते, पोरी. तुला आधी विचारलं असतं तर तू पुन्हा तेच म्हणाली असतीस. डोळे आहेत तोवर मला आपण चौघं एका टपाखाली बसलेलं बघायचं आहे.

कुंपणाला टेकवलेली भिंत मी परत लावू देणार नाही.

जपून जा.
तुझे बाबा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद पूर्ण, मागच्या बाकीसकट.

त्या रविवारी तुझ्याकडे येऊन मी भांडले नाही, त्याचा तू धसका घेतलास म्हणे. बसमध्ये साडीच्या घडीतून पत्र निघालं होतं रे.

परवा तू आम्हाला फिरवून आणलंस, तेव्हापासून गुडघे दुखताहेत. ते माप खोटं होतं. तुझा काहीतरी डाव असणार म्हणून मी मुद्दाम चार इंच कमी लिहिले, आणि तू तेवढ्यावर पत्रा कापलास, बाबांनी शिवत आणलेली गादी तेवढ्यावर बेतली. सबंध वाट मी गुडघे आईच्या सीटमध्ये रुतवून बसले होते. पण मला सांग, एवढ्या थोराड बाईचं माप तेरा इंच कसं असेल, अशी तुम्हा दोघांपैकी एकालाही शंका आली नाही? काल बाबांना विचारलं. ते म्हणाले, आकडा ऐकला तेव्हा बरोबरच वाटला, तू एवढीशीच तर होतीस.

नदीच्या पुलापाशी माझा हात आपोआप मागच्या नव्या काचेवर गेला आणि दोनदा टकटक झाली. तू लगेच ब्रेक दाबलास. बाबा मान वळवून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. आईनं विचारलं, काय हवंय, कशाला थांबवलीस. मी म्हटलं, काही नको, चला.

पुढच्या महिन्यात ये आणि सीट चार इंच वाढव. माप पाठवत नाही. तूच टेप घेऊन ये.

लोभ तर आहेच, आता चौघांना पुरून उरेल.
तुझी ताई