काचमण्यांची पावलं

२ सप्टेंबर १९७५

आलो एकदाचे सोलापुरात! अक्कलकोट रोडवर काचमण्यांचा छोटासा कारखाना, मी त्याचा नवा सुपरवायझर, आणि कंपाउंडातच दोन खोल्यांचं क्वार्टर. खाली शहाबादी फरशी, नळाला पाणी. शकुंतलेनं आल्या आल्या पाळणा टांगून आमच्या सात महिन्यांच्या बबीला त्यात घातलं, म्हणजे घर लागलं. श्रीपूरला साखर कारखान्यात मळीचा वास घेऊन नाक मेलं होतं, इथली हवा मला अत्तरासारखी वाटते. मणी म्हणजे साखरेहून बारीक, काचेचे गोल दाणे. ते रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर टाकतात, म्हणजे मोटारीच्या दिव्यात पट्टे चमकतात. मुकादम रुद्रप्पानं पहिल्याच दिवशी माझी फिरकी घेतली. "सायेब, ज्याला भोक न्हाई त्याला मणी कसं म्हनायचं?" बी.एस्सी.ची ऐट खिशात घालून मी भट्टी बघायला निघालो.

५ सप्टेंबर

आज चमक तपासायला शिकलो. पत्र्याला रंग द्यायचा, ओल्यावर मणी भुरभुरायचे, वाळला की अंधाऱ्या खोलीत न्यायचा. बॅटरी कपाळाशी धरली की पत्रा असा लखलखतो की बस! गंमत म्हणजे, दोन हात बाजूला उभ्या असलेल्या रुद्रप्पाला तो काळाच दिसतो. हे मणी उजेड जिथून आला तिथंच परत पाठवतात. बॅटरी ज्याच्या डोळ्याशी, चमक त्यालाच. घरी येऊन शकुंतलेला हे सगळं रंगवून सांगितलं. तिनं भाजी आणायला पिशवी हातात दिली.

८ सप्टेंबर

चाळणघरात कोपऱ्यातली एक चाळण बंद आहे. खाली तोंड शिवलेलं अर्धं पोतं. मी विचारलं तर कुणी सांगेना, पण माझी बायको मैंदर्गीची, कानडी बोलते, म्हणून चाळणीवरच्या केराबाईनं तिच्यापाशी तोंड उघडलं. ती चाळण चंद्रव्वाची. तान्ही पोर झोळीत घालून ती चाळणीशेजारीच टांगायची. काचेची धूळ पोरीच्या छातीत बसली, खोकून खोकून गेली बिचारी. चंद्रव्वा परत कामाला आली, पण चाळता चाळता पोरीला हाका मारायची. भट्टीपाशी तापलेली काच सांडून डाव्या पायाची करंगळी जळून गेली, तरी तिला शुद्ध नव्हती. उन्हाळ्यात तिथंच बसल्या जागी मेली. "त्ये तिनं चाळल्यालं हाय. आमी कुनी हात लावत न्हाई," असं केराबाई म्हणाली. ऐकून वाईट वाटलं. पण चांगला माल असा पाडून ठेवायचा म्हणजे शुद्ध अडाणीपणा.

११ सप्टेंबर

उद्या गौरी बसणार. शकुंतलेच्या माहेरी त्यांना लक्ष्म्या म्हणतात. उंबऱ्यापासून चौरंगापर्यंत रांगोळीची पावलं काढायची, त्यावरून लक्ष्मीला आत आणायचं. मला झकास युक्ती सुचली. त्या पोत्याचा टाका उसवून दोन मुठी मणी आणले आणि रांगोळीत कालवले. नाहीतरी त्या मालाला धनी नाही.

१२ सप्टेंबर

शकुंतलेनं मूठ टेकवून पावलं उमटवली, बोटानं पाच पाच टिकल्या दिल्या. मुखवटा हातात घेऊन एकेका पावलावर थांबत आत आली. रीतीप्रमाणे घर दाखवलं: हे स्वयंपाकघर, हे धान्य, हा आमच्या बबीचा पाळणा. मी दिवा घालवून बॅटरी कपाळाशी धरली. चांदण्याच सांडल्या जमिनीवर! शकुंतलेला अर्थात काही दिसेना. मी चेष्टेत म्हणालो, आलीच आहेस तर राहा बाई, घर तुझंच आहे.

१३ सप्टेंबर

संध्याकाळी वीज गेली, बॅटरी लावली. पावलं चौरंगापाशी संपायला हवीत. ती पुढं गेली आहेत. पाळण्याच्या दिशेनं. मुठीची नव्हेत, पुसट, पण मोठी, भेगाळल्या टाचांची. शकुंतला बबीची शपथ घेऊन सांगते की तिनं काढली नाहीत. कंदिलाच्या उजेडात तिला ती दिसतही नाहीत. पुसतो म्हटलं तर लक्ष्मी बसलेली असताना झाडू लावू देईना. मी गुडघे टेकून जवळून पाहिलं.

डाव्या पावलाला करंगळी नाही.

बबी दुपारपासून खोकते आहे.

१४ सप्टेंबर, सकाळ

पावलं पाळण्याखाली. दोन्ही शेजारी शेजारी, वाकून उभं राहिल्यासारखी—

बबीला ताप. डॉक्टर सर्दी म्हणतात; मैंदर्गीला नेऊ का विचारलं, तर गाडीत घालू नका म्हणतात. मला भीती वाटते. माझ्याच हातानं आणलं मी हे घरात. रुद्रप्पाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बलावलं तुमी, पाळनाबी दाखवला तुमीच. आता लक्ष्मीसंगं तिलाबी वाटंला लावा की." त्याच मण्यांची परतीची पावलं काढायची. पाळण्यापासून उंबऱ्यापर्यंत.

१४ सप्टेंबर, दिवेलागण

गौरी बोळवल्या. शकुंतलेनं परतीची पावलं काढली. दार उघडं, दिवे बंद. शकुंतला आत काढा उकळते आहे. मी उंबऱ्याशी, बॅटरी कपाळाशी, वही मांडीवर. पाहणारा मी एकटाच. लिहीत राहिलो तर पळून जाणार नाही—

हललं. पाळण्याखालचं पाऊल वळलं.

येतेय. शकुंतलेच्या पावलांवर आपलं पाऊल ठेवत. माझ्याकडेच—

बबीचा खोकला थांबला. थांबला!

अंगावरून गार वारा गेला. उंबऱ्याबाहेर पाऊल उमटलं. गेली. देवा, गेली ती. सुटलो आम्ही—

पण येतानाची पुसट होती. ही एवढी ठळक का? डावं तर जास्तच. कडेवर ओझं घेतलं की बाई अशीच—

शकुंतला पाळण्यापाशी आली आहे. विचारतेय, "बबीला तुमी घेतलंय व्हय?"

मी तर इथं—