खिशातली काडी

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय अक्का,

पायाला हात लावून नमस्कार. ऑपरेशन झालेला गुडघा सोडून, दुसऱ्या पायाला. जिना चढायला लागलीस हे वाचून जिवात जीव आला. आईची खोली रंगवून घेतलीस, खिडकीला नवा पडदा शिवलास, तेही वाचलं. तू शिवलेला पडदा म्हणजे सुरकुती शोधून सापडायची नाही. इकडे सगळं ठीक आहे. आईची तब्येत उत्तम, साखर आटोक्यात.

"आई परत कधी येणार?" असं फोनवर तू विचारतेस आणि मी "आवाज तुटतोय" म्हणतो, म्हणून आज पत्र लिहायला बसलो. पण आधी शाळेची गंमत सांगतो.

आम्हा प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. आम्ही जुनी खोडं मागच्या बाकांवर हाताची घडी घालून बसलो होतो, आता ही आम्हाला काय शिकवणार असा चेहरा करून. बाई म्हणाल्या, "वर्गात प्रश्न विचारल्यावर तुम्ही..." मी तेवढ्यातच म्हणालो, "मुलांकडून उत्तर घेतो." त्या हसून म्हणाल्या, "सर, तुम्ही थांबता किती, हे विचारणार होते." सगळी खोली हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मग त्यांनी सांगितलं की याचा चांगला अभ्यास झालेला आहे. शिक्षक प्रश्न विचारतात आणि जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात ठरावीक चारपाच हात वर होतात, नाहीतर उत्तर शिक्षकच देऊन मोकळे होतात. तीनचार सेकंद थांबलं तर जास्त मुलं बोलतात, विचार करून बोलतात. हात वर करणाऱ्यांनाच विचारू नये, हेही सांगितलं. प्रत्येक मुलाचं नाव एकेका काडीवर लिहून डब्यात ठेवायचं, आधी प्रश्न विचारायचा, सगळ्यांना विचार करू द्यायचा आणि मग काडी काढायची.

दुसऱ्याच दिवशी वर्गात प्रश्न विचारला आणि थांबलो. सेकंद मोजायला घड्याळ कशाला बघायचं, म्हणून मनात देवाचं नाव तीनदा घेतलं. डोळे आपोआप मिटले. उघडले तर पहिल्या बाकावरची पोरगी पाण्याची बाटली घेऊन उभी आणि वर्गप्रमुख मोठ्या सरांना बोलवायला धावलेला. मोठे सर धापा टाकत आले. "काय होतंय?" मी म्हटलं, "काही नाही सर, संशोधन चाललंय." ते म्हणाले, "बसून करा."

घरीही सवय लागली. तुझ्या भावजयीने विचारलं, "भाजी कुठली करू?" मी शांतपणे विचार केला. ती म्हणाली, "अहो, झोपलात की रुसलात?"

काड्यांसाठी आइसक्रीम आणावं लागलं. वर्ग मोठा, त्यामुळे आइसक्रीमही पुष्कळ. आईने शिक्षणाच्या कामात मनापासून हातभार लावला. साखर आटोक्यात आहे असं वर लिहिलं ते काड्यांच्या आधीचं समज. तू रागावणार, ठाऊक आहे. पण ती म्हणाली, "पोरांची नावं अडकून राहतील रे," आणि तिसरं उघडलं.

आता खरी गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. या वर्षी नव्याने आली. वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. पोरं तिला मौनीबाबा म्हणतात. मी पोरांना रागावलो, पण मनातून मलाही तिची धास्ती वाटायची. काडी तिची निघाली आणि ती उभी राहून रडली तर? म्हणून मी तिच्या नावाची काडी डब्यात टाकलीच नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली. मला वाटलं, केवढा समजूतदार मी. त्या दिवशी प्रार्थनेत देवाला सांगितलंसुद्धा, की एका लेकराला त्रासातून वाचवलं.

परवा डबा पुसायची पाळी तिच्या बाकाची होती. तिने काड्या टेबलावर ओतल्या, एकेक वाचली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, माझी काडी नाही."

अक्का, तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. चांगला खणखणीत आहे. मी गडबडलो. "अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"मग मला कधीच विचारणार नाही?"

ती माझ्या खिशाकडे बघत होती. पेनाशेजारून काडीचं टोक डोकावत होतं. मी ती काढली, तिच्या हातात दिली. तिने डब्यात टाकली आणि डबा दोनदा हलवला, माझा भरवसा नसल्यासारखा.

त्या दिवशी काडी निघाली नाही. प्रत्येक वेळी ती मान लांब करून बघायची आणि परत आखडायची. काल निघाली. प्रश्न होता, बी उगवायला काय काय लागतं? ती उभी राहिली. देवाचं नाव तीनदा झालं, सहादा झालं. आमच्या वर्गातला उतावळा, ज्याला सगळी उत्तरं येतात, त्याने स्वतःची मूठ तोंडात कोंबली होती. मलाही कोंबावीशी वाटली. "प" पासून सुरू होतं असं सांगायला जीभ नुसती शिवशिवत होती.

"पाणी," ती म्हणाली. मग, "हवा. ऊब." मी "शाबास" म्हणायला तोंड उघडलं, तर तिचं संपलं नव्हतं. "आणि आलं का, आलं का म्हणून कुणी सारखं उकरून बघायचं नाही."

पोरं इतकी हसली की मोठे सर पुन्हा आले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. नुसते दारात उभे राहिले आणि गेले.

संध्याकाळी ही गोष्ट आईला सांगितली. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि परवा तू नि धाकटा दार लोटून बोलत होतात, तेव्हा माझी काडी कुणाच्या खिशात होती?"

तर आता लिहितो. अक्का, मी आणि धाकट्याने ठरवलं होतं, की आई आता कायमची माझ्याकडेच राहील. तुझा गुडघा, तुझा जिना, तुझं शिवणकाम, सगळ्याचा विचार आम्हीच केला. "अक्काला इतक्यात सांगू नकोस, तिला त्रास नको," असं धाकटा म्हणाला आणि मी मान हलवली. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. खोली रंगवली म्हणून. ते मी वाचून उशीखाली ठेवलं. तुझी काडीही माझ्याच खिशात होती. आईला तर समोर बसलेली असून कुणी विचारलं नव्हतं.

काल रात्रीच धाकट्याला फोन करून सांगितलं, की ठरलेलं मोडलं. तो म्हणाला, "दादा, मग परत सगळ्यांना विचारत बसायचं?" म्हटलं, हो, तेच काम आहे.

आईला विचारलं, "तुला कुठे राहायचंय?" आणि थांबलो. तिने सुपारी कातरण्याएवढा वेळही घेतला नाही. तिचं उत्तर तयारच होतं. पण ते तुला कळवू का म्हटल्यावर म्हणाली, "मुळीच नाही. आधी तिला विचार. उत्तर फळ्यावर लिहून ठेवून प्रश्न विचारतोस, कसला मास्तर तू!"

म्हणून विचारतो. अक्का, आईने कुठे राहावं असं तुला वाटतं? गुडघ्याचं, जिन्याचं मी काही सुचवत नाही. धाकट्यालाही सुचवू देणार नाही. सावकाश विचार कर. मनात येईल ते सगळं लिही, मला न आवडणारंही.

फोन करून उकरून बघणार नाही. देवाचं नाव घेत थांबलोय.

तुझा,
मूठ तोंडात धरून बसलेला
भाऊ